सुगियाचं डावं शिंग

माझे यजमान गेल्या फाल्गुनात, मंगळवारी, सकाळी सव्वानऊ वाजता वारले. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. हाक मारली, उत्तर आलं नाही.

मागच्या दिवाळीनंतर या अंकाच्या संपादकांचं पत्र आलं होतं, नोकरीतल्या अनुभवांवर लिहाल का म्हणून. मी नाही म्हणून कळवणार होते. जन्मभर गाईम्हशींची चित्रं काढली, त्यात सांगण्यासारखं काय असणार? ह्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "लिही की. सुगियाचं लिही. पण लिहिणार असशील तर शिंगाचंही लिही. ते गाळून लिहायचं असेल तर नको."

शिंगाची गोष्ट आम्हां दोघांखेरीज फार थोड्यांना ठाऊक आहे. आता ती सांगायला मी एकटी उरले आहे, म्हणून लिहिते. माझा जन्म आणि शिक्षण कोलकात्याचं. मराठी घरातल्या चार माणसांत बोलून टिकवलेलं. मी काही मराठीत लिहिलं की हे पेन्सिल घेऊन बसत आणि समासात बारीक खुणा करत. या लेखावर तशा खुणा झालेल्या नाहीत, एवढं वाचकांनी सांभाळून घ्यावं.

मी कला महाविद्यालयातून बाहेर पडले आणि एस्प्लनेडजवळच्या एका पशुपालन विभागात चित्रकार म्हणून लागले. चित्रकार म्हटलं की लोकांना निसर्गदृश्यं आठवतात. आमचं काम तक्ते करण्याचं. खेड्यांतून शिकायला येणाऱ्या मुलांना गाईच्या जाती ओळखता याव्यात, चांगल्या दुभत्या गाईची लक्षणं कळावीत, म्हणून भिंतीवर टांगायची चित्रं. फोटो का नाही काढत, असं मला नेहमी विचारलं जाई. त्या काळच्या फोटोत, आणि आमच्या छपाईत, गोठ्यातली गाय म्हणजे काळा ढिगारा व्हायची. चार पायांचे दोन दिसायचे. पेन्सिलीत मात्र प्रत्येक केस कुठल्या दिशेला वळलाय तेही दाखवता येतं.

गाय काढायची एक रीत असते. बसायचं स्टूल असं ठेवायचं की आपले डोळे तिच्या पोटाच्या मध्याशी येतील. उभं राहून काढली तर पाठ घसरल्यासारखी दिसते. पलीकडचे पाय अलीकडच्या पायांच्या थोडे पुढेमागे हवेत, म्हणजे चारही दिसतात आणि कासेचे सड मोजता येतात. माप तिच्याच डोक्याचं घ्यायचं: डोक्याची लांबी एक, मग मान किती, पाठ किती. आणि गाय हलते याचा त्रागा करायचा नाही. ती हलते, पण थोड्या वेळाने पुन्हा त्याच ठेवणीत येते. म्हणून एकाच कागदावर आळीपाळीने काम करायचं: तिने मान वळवली की मागचा पाय घ्यायचा, पाय उचलला की कान. बोटाने छाया पुसटायची नाही. काळेपणा कमी करायचा तर पावाचा मऊ गर चिमटीत मळून त्याने हलकेच टिपायचं. माझ्या डब्यात पोळी-भाजीबरोबर नेहमी पावाचा एक तुकडा असे. कचेरीतल्या बायकांना वाटायचं, बंगाल्यांत राहून हिचं नुसत्या पोळीने पोट भरत नाही.

विचित्र मागण्याही यायच्या. एका साहेबांना भित्तिपत्रकावरची शेळी "बघणाऱ्याकडे प्रेमाने पाहणारी" हवी होती. शेळीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, ती प्रेमाने पाहिलीच तर एका डोळ्याने पाहील, हे त्यांना समजावायला मला एक आठवडा लागला. शेवटी शेळीने एका डोळ्यानेच पाहिलं.

आम्ही तेव्हा गार्डन रीचला रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. हे रेल्वेच्या कचेरीत नकाशे काढत. पूल, मोऱ्या, फलाट. आमच्या मागल्या गल्लीत रामधनीचा खटाल होता. खटाल म्हणजे शहरातला दुधाच्या जनावरांचा गोठा. त्या वेळी कोलकात्यात गल्लोगल्ली असायचे आणि बहुतेक ते बिहारी गवळ्यांचे. रामधनीच आम्हांला दूध घाली. उंच, वाळका, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेला माणूस. तांब्या उंबऱ्यावर ठेवताना रोज म्हणायचा, "दीदीजी, आज पाणी देवाने घातलंय, मी नाही." पावसाळ्यात तर हे अगदी मनापासून म्हणायचा.

सत्तरच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. एका तांबड्या दुभत्या जातीचा तक्ता करायचं काम माझ्याकडे आलं. मी दोन सरकारी गोठे पाहून आले, मनासारखी गाय मिळाली नाही. मग घरामागेच मिळाली. रामधनीकडे आठ-नऊ जनावरं होती, त्यांत सुगिया. तांबूस, अंगाने भरलेली, गळ्याखालची कातडी पदरासारखी लोंबणारी. तिचं डावं शिंग टोकाकडे बोटभर मोडलेलं होतं. कालवड असताना फाटकात अडकून मोडलं, असं रामधनी सांगे.

सात दिवस सकाळी मी कचेरीत जाण्याआधी खटालात स्टूल टाकून बसले. रामधनी दुरून बघायचा. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "दीदीजी, तिला सांगा ना, तसबीर काढतायत. सरळ उभी राहील."

"तू सांग."

"माझं कुठे ऐकते? मी तिला चारा घालतो, ती मला हुकूम घालते."

सातव्या दिवशी चित्र पुरं झालं. आजही सांगते, ते माझं चांगलं काम होतं. कपाळावरचा केसांचा भोवरा मधोमध नव्हता, जरा उजव्या डोळ्याकडे सरकलेला होता, तो तसाच घेतला होता. पुढच्या डाव्या कोपरामागे केसांची एक रेघ उलटी फिरून पिसासारखी झाली होती. एका केसाळ जनावरात असली गोष्ट कुणाला दिसत नाही. काढणाऱ्याला दिसते, कारण तिथे पेन्सिल अडते. आणि शिंग जसं होतं तसं, मोडकं.

विभागप्रमुखांनी कागद हातात घेतला, खूप वेळ पाहिला आणि म्हणाले, "अप्रतिम. पण शिंग पुरं करा."

"सर, तिचं मोडलेलंच आहे."

"तिचं असेल. हा तिचा फोटो नाही, जातीचा तक्ता आहे. मुलं म्हणतील या जातीला दीडच शिंग असतं."

त्यांचं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. आमच्या धंद्याची रीतच ती: एक जनावर बघून काढायचं आणि सगळ्या जातीसाठी छापायचं. त्यात त्या एका जनावराचं असं जे असेल ते जायचं. मी घरी नवा कागद घेतला आणि सुगिया पुन्हा काढली. शिंग पुरं केलं. आणि एकदा हात सुधारायला लागला की तो थांबत नाही. भोवरा मी मधोमध आणला. ते कुणी सांगितलं नव्हतं. कोपराची उलटी रेघ सरळ केली. तेही कुणी सांगितलं नव्हतं. चित्र फार देखणं दिसायला लागलं.

हे टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून एका पुलाच्या खांबांना आकडे घालत होते. त्यांनी मान वाकवून पाहिलं.

"ही कोण?"

"सुगिया."

"मग ती कोण?" पहिल्या कागदाकडे बोट.

"तीही तीच. ही तक्त्यासाठी."

हे म्हणाले, "आमच्याकडे प्रत्येक पुलाचे दोन नकाशे असतात. एक, पूल कसा बांधायचा त्याचा. दुसरा, बांधताना प्रत्यक्षात कसा झाला त्याचा. खांब वीतभर सरकला असेल तर दुसऱ्यात तो सरकलेलाच दाखवतात. पहिला नकाशा साहेबांच्या भिंतीवर लागतो. पण दुरुस्तीला माणूस जातो तो दुसरा घेऊन."

"ही गाय आहे. हिच्यावरून गाडी जायची नाहीये."

"नाही, तेही खरंच," असं म्हणून ते पुन्हा आकडे घालू लागले. पहिला कागद मी रद्दीत टाकला.

तक्ता छापून आला. रामधनीला एक प्रत दिली. त्याने ती खटालाच्या दारात लावली, वर प्लास्टिकचा कागद, कडेने झेंडूची माळ. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, सरकारने माझी गाय छापली. मला मात्र हळूच म्हणाला, "दीदीजी, जे शिंग डॉक्टरला जोडता आलं नाही ते तुम्ही जोडलंत." मी हसले. त्यानेही हसून घेतलं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात गल्लीत तीन दिवस कमरेएवढं पाणी राहिलं. जनावरं बुडू नयेत म्हणून रामधनीने सगळ्यांची दावी सोडली. पाणी ओसरल्यावर बाकीची परत आली, सुगिया आली नाही. ती गाभण होती, आठवा महिना सरत आलेला. रामधनी रोज शोधत हिंडे आणि दूध घालायला उशिरा येई. पाण्याचा विनोद त्याने बंद केला होता.

नवव्या दिवशी तो आला तो संध्याकाळी, तांब्याशिवाय. उंबऱ्यावर बसला. हातात गुंडाळी होती, माझा तक्ता.

सुगिया सापडली होती. नदीकाठाने भटकत ती थेट बजबजला पोचली होती आणि तिथल्या एका कोंडवाड्यात होती. पण तिथे एक माणूस आधीच येऊन तिच्यावर हक्क सांगत होता. तागाच्या गिरणीच्या फाटकासमोर त्याचं चहाचं दुकान होतं. पुरात माझीच गाय सुटली, म्हणत होता. कोंडवाड्याचे मुन्शीबाबू दोघांनाही ओळखत नव्हते. त्यांनी विचारलं, पुरावा काय? चहावाल्याकडे शेजारचे दोन साक्षीदार होते. रामधनी ताठ मानेने म्हणाला, माझ्या गाईचं चित्र सरकारने छापलंय, आणतो. आणि त्या नवव्या दिवशी दुपारीच तो तक्ता घेऊन गेला होता.

"मग?" मी विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती.

"मुन्शीबाबूंनी चित्र बघितलं, गाय बघितली. म्हणाले, चित्रातल्या गाईला दोन्ही शिंगं आहेत. कपाळावरचा भोवरा मध्ये आहे. ही गाय ती नाहीच. म्हणजे तू खोटं बोलतोस." त्याने तक्ता माझ्या पायाशी ठेवला. "चहावाला हसला, दीदीजी. उद्या दुपारी गाय त्याला देणार आहेत. तिला नावाने हाक मारली तर वळली, पण मुन्शीबाबू म्हणाले, गाय कुणाच्याही आवाजाला वळते, हातात चारा हवा."

त्याने काहीच नेलं नसतं तर निदान शब्दाविरुद्ध शब्द राहिला असता. माझ्या देखण्या चित्राने त्याला खोटं पाडलं होतं. मी म्हटलं, "रामधनी, चूक माझी आहे. शिंग साहेबांनी सांगितलं म्हणून जोडलं. भोवरा मीच हलवला, उगाच."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "तुम्हांला काय ठाऊक असं होईल म्हणून."

हे आतून आले. हातात त्यांचं नकाशे ठेवायचं पत्र्याचं नळकांडं. त्यातून एक कागद काढून त्यांनी माझ्यासमोर उलगडला. रद्दीतला माझा पहिला कागद. एका कोपऱ्याला तुरडाळीचा डाग. मागे त्यांच्या कचेरीतल्या अक्षरांत तारीख, "रामधनीचा खटाल", आणि खाली तीन शब्द: जशी आहे तशी.

"हा कधी काढलात रद्दीतून?"

"तू टाकलास त्याच दिवशी," हे म्हणाले. "दुसरा नकाशा टाकायचा नसतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघणार होतो. रामधनी सातलाच दारात उभा. आणि हे टेबलाशी बसून त्या कागदावर ट्रेसिंगचं पारदर्शक कापड पसरून, चार कोपऱ्यांना टाचण्या लावून, सुगियाची प्रत काढत होते. मी आधी समजावलं, मग चिडले.

"दुपारी गाय जाणार आहे त्याची, आणि तुम्ही गिरवत काय बसलात?"

"मूळ नकाशा प्रत काढल्याशिवाय बाहेर जात नाही."

"ही तुमची कचेरी नाही!"

"नाही ना. म्हणून इथे रजिस्टरही नाही. प्रत तरी हवी." मान वर न करता म्हणाले. रामधनी दारातून म्हणाला, "काढू द्या दीदीजी, साहेब चांगलं काढतात." तो हे नुसतं माझी समजूत काढायला म्हणाला. ह्यांनी उभ्या आयुष्यात जिवंत वस्तू काढलेली नव्हती. त्यापायी आमची एक लोकल चुकली. माझेरहाटच्या फलाटावर पुढच्या गाडीची वाट बघत मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही.

कोंडवाड्यात पोचलो तेव्हा चहावाला साक्षीदारांसह हजर होता. सुगिया कुंपणाच्या कोपऱ्यात उभी होती. पोटापर्यंत चिखलाने लिंपलेली, चिखल वाळून तडकलेला. आम्हांला बघून तिने एकदा कान हलवला, बस. मुन्शीबाबू म्हातारे, जाड भिंगांच्या चष्म्याचे, बोलायला कडक पण माणूस सरळ होता. त्यांनी कागद घेतला, गाईच्या तोंडाजवळ धरला. शिंग जुळलं. भोवरा जुळला.

चहावाला म्हणाला, "बाबू, काल हा हरला आणि आज बाईंना घेऊन आला. पेन्सिलीचं काय, काल इथून बघून जाऊन याने सांगितलं असेल, बाईंनी संध्याकाळी काढलं असेल. तारीख काय, कुणीही घालेल."

मुन्शीबाबू माझ्याकडे बघू लागले. "दीदी, एकदा बदलून काढलंत. मग यातलं काय खरं मानायचं मी?"

मी नोकरीत इतकं लाजवणारं काही त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

हे हळूच पुढे झाले. मोडक्या बंगालीत म्हणाले, "बाबू, काल बघून काढलं असेल तर काल जे दिसत होतं तेवढंच यात असेल. चिखलाखालचं कसं असेल?" मग मला मराठीत म्हणाले, "अगं, कोपर."

मला एकदम आठवलं. मी मुन्शीबाबूंना कागदावर ती जागा दाखवली. पुढच्या डाव्या कोपरामागे उलटी फिरलेली रेघ, पिसासारखी. गाईच्या अंगावर तिथे जाड वाळका चिखल होता. मुन्शीबाबूंनी चहावाल्याला विचारलं, "तुमच्या गाईला इथे काय आहे?"

"कोपर आहे. दुसरं काय असणार?"

रामधनीला विचारलं. तो बिचारा गोंधळला. "बाबू, मी धार काढताना कासेकडे बघतो. कोपराकडे कोण बघतं?"

"पाणी आणा," मुन्शीबाबू म्हणाले.

मी पदर खोचला आणि बादली घेऊन तिच्याजवळ बसले. चिखल हाताने भिजवावा लागला, ओढला तर केस आले असते. ती शांत उभी राहिली. सात सकाळी मी तिच्यापासून पाच हातांवर बसून तिचा एकेक केस काढला होता, पण तिला हात लावला तो त्या दिवशी पहिल्यांदा. तिची कातडी गरम होती आणि आत वासरू हललेलं माझ्या मनगटाला लागलं. चिखल विरघळत गेला, केस ओले होऊन चिकटले आणि त्यात ती रेघ वर आली. उलटी, पिसासारखी, कागदावर होती तिथेच.

मुन्शीबाबूंनी खाली वाकून भिंगं जवळ नेली. कागद, गाय, कागद. मागे वळले तेव्हा एक साक्षीदार निघून गेला होता. चहावाला म्हणाला, माझीही गाय अशीच तांबडी होती हो, आणि तोही गेला. त्याचीही गाय पुरात खरंच गेली असेल. मी पुष्कळदा त्याचा विचार करते.

रामधनीने सुगियाच्या मानेला मिठी मारली नाही की रडला नाही. त्याने तिचं दावं हातात घेतलं आणि म्हणाला, "चल. घरी काम पडलंय."

मग मुन्शीबाबू म्हणाले, "हा कागद मात्र इथे राहील. पुरावा म्हणून दाखल झाला, आता तो फायलीतला." मी ह्यांच्याकडे पाहिलं. माझं इतकं चांगलं चित्र पुन्हा झालेलं नव्हतं, आणि ते ठाऊक होतं ह्यांना. हे म्हणाले, "देऊन टाक." परतीच्या गाडीत मीच बोलायला सुरुवात केली.

महिन्याभराने सुगिया व्याली. कालवड. तिच्या कपाळावरचा भोवरा अगदी मधोमध होता. हे बघायला आले आणि म्हणाले, "ही बघ, तुझी तक्त्यातली गाय."

मी विभागप्रमुखांना सगळं सांगितलं आणि पुढच्या छपाईत निदान भोवरा तरी जागेवर आणू द्या म्हटलं. ते म्हणाले, ठसे तयार आहेत, आणि भोवऱ्याने शिकवण्यात काय बिघडतं? काहीच बिघडत नव्हतं. तो तक्ता मी निवृत्त होईपर्यंत कचेऱ्यांच्या भिंतींवर टांगलेला होता. मी मान खाली घालून त्याच्यासमोरून जात असे. पण त्यानंतर मी कुठलंच जनावर सुधारलं नाही. जातीसाठी शिंग जोडायची वेळ आली तर खाली बारीक अक्षरात तसं लिहीत असे. साहेब बदलले, काहींनी ते पुसायला लावलं, काहींनी राहू दिलं.

पुढे शहरातून खटाल हटवले गेले. रामधनी जनावरं घेऊन गावी गेला. जाताना दूध घालायच्या वेळीच आला, तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि म्हणाला, "आज खरंच पाणी नाही, दीदीजी." तो तांब्या परत न्यायला तो आला नाही.

ह्यांच्या तेराव्यानंतर मी नळकांडं उघडलं. आत पुलांचे नकाशे होते, आणि सगळ्यांत आत गुंडाळलेलं ट्रेसिंगचं कापड. पट्टीला सवयलेल्या हाताची गाय. पाय खांबांसारखे सरळ, पाठ सपाट, डोळा जरा मोठा. केस न्‌ केस घ्यायचा प्रयत्न केलेला, अर्ध्यावर सोडलेला, कारण मी ओरडत होते. कोपराची रेघ मात्र पूर्ण आहे.

माझा मूळ कागद बजबजच्या कुठल्या तरी फायलीत गेला, त्याचं पुढे काय झालं ठाऊक नाही. माझ्याकडे ह्यांनी काढलेली सुगिया आहे. तिचं डावं शिंग मोडकं आहे.